एका सोल्यूशनमध्ये वीस प्रोजेक्ट: बिल्डचं आउटपुट नेमकं कुठे ठेवायचं?

सोल्यूशनमध्ये, म्हणजे एकत्र बिल्ड होणाऱ्या प्रोजेक्टांच्या संचात, एकच प्रोजेक्ट असतो तोवर बिल्डचं आउटपुट कुठे जातं, हा प्रश्न कोणाला पडत नाही. बिल्ड केलं की प्रोजेक्टच्या फोल्डरात 'बिन' आणि 'ऑब्ज' अशी दोन फोल्डरं तयार होतात आणि काम पुढे सरकतं. प्रोजेक्ट वीस झाले की अशी चाळीस फोल्डरं सोर्स कोडच्या मधेमधे विखुरतात. शोध घ्यावा तर निम्मे निकाल बिनमधल्या कॉप्यांचे येतात. बिल्ड सर्व्हरवर कॅशे ठेवायचा किंवा सगळं पुसून नव्याने सुरू करायचं, तर चाळीस ठिकाणी हात घालावा लागतो. मग टीममध्ये कोणीतरी म्हणतं, 'सगळ्यांचं आउटपुट एकाच फोल्डरात टाकू या ना!'

यातली गरज खरी आहे, सुचवलेला उपाय मात्र अर्धाच बरोबर आहे. सगळ्यांचं मूळ फोल्डर एक असावं, पण त्याच्या आत प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची जागा हवी. या दोन गोष्टींतला फरक लहान दिसतो, पण बिल्डच्या बहुतेक विचित्र चुका त्यातूनच निघतात. लेख मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटबद्दल आणि त्यामागच्या एमएसबिल्ड या बिल्ड करणाऱ्या साधनाबद्दल आहे, कारण हा प्रश्न तिथे सर्वांत जास्त भेडसावतो.

बिन आणि ऑब्ज ही एकसारखी फोल्डरं नाहीत

बिनमध्ये तयार माल असतो: डीएलएल, एक्झी, डिबगिंगसाठीच्या पीडीबी फायली, सोबत कॉपी झालेल्या सेटिंगच्या फायली. ऑब्ज ही बिल्डची कामाची जागा. कंपायलरने आधी तिथे डीएलएल बनवायची आणि मग ती बिनमध्ये कॉपी व्हायची, असा क्रम असतो. न्यूगेट (बाहेरची पॅकेजं आणणारं साधन) रिस्टोअर करतं, म्हणजे लागणारी पॅकेजं आणतं, तेव्हा कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, हा सगळा हिशोब 'प्रोजेक्ट डॉट अ‍ॅसेट्स डॉट जेसन' नावाच्या फायलीत लिहून ती ऑब्जमध्येच ठेवतं. आपोआप तयार होणारी असेंब्लीइन्फोची सोर्स फाइलही तिथेच असते, आणि या प्रोजेक्टने मागच्या बिल्डमध्ये कुठेकुठे कोणत्या फायली लिहिल्या याची यादीसुद्धा.

म्हणून बिन हलवणं तुलनेने सोपं आणि ऑब्ज हलवणं नाजूक. बिनमध्ये घोळ झाला तर चुकीची फाइल हाती येते. ऑब्जमध्ये झाला तर बिल्डची स्मरणशक्तीच बिघडते.

आता बिनमधला पत्ता कसा तयार होतो ते बघू. 'बिन/डिबग/नेट८.०' असा नेहमीचा पत्ता घ्या. सुरुवातीचा 'बिन' हा भाग 'बेसआउटपुटपाथ' या प्रॉपर्टीतून, म्हणजे नाव दिलेल्या सेटिंगमधून, येतो. त्याला डिबग किंवा रिलीज हे कॉन्फिगरेशन जोडलं जातं आणि 'आउटपुटपाथ' तयार होतो. त्यापुढे एसडीके (डॉटनेटचा साधनांचा संच) टार्गेट फ्रेमवर्कचं, म्हणजे प्रोजेक्ट डॉटनेटच्या ज्या आवृत्तीसाठी आहे तिचं, नाव लावतं, आणि विंडोज किंवा लिनक्स असा विशिष्ट प्लॅटफॉर्म मागितला असेल तर त्याचंही नाव लावतं. शेवटी हाच पत्ता 'आउटडिर'मध्ये जातो आणि फायली खरोखर कॉपी होतात त्या आउटडिरमध्ये. ऑब्जसाठी अशीच जोडी आहे: 'बेसइंटरमीडिएटआउटपुटपाथ' आणि 'इंटरमीडिएटआउटपुटपाथ'. नावं लांबलचक आहेत, पण 'बेस' लावलेली प्रॉपर्टी म्हणजे मूळ आणि 'बेस' नसलेली म्हणजे पुढचे तुकडे जोडून झालेला पूर्ण पत्ता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सगळं एकाच फोल्डरात टाकलं तर

समजा, बिलिंग आणि रिपोर्ट असे दोन प्रोजेक्ट आहेत आणि दोघांचंही आउटपुट एकाच फोल्डरात जातं. बिलिंगला एका लायब्ररीची बारावी आवृत्ती लागते, रिपोर्टला तेरावी. डीएलएलचं नाव मात्र एकच. म्हणजे फोल्डरात एकच उरणार, आणि ती कोणती हे कोणाची कॉपी शेवटी झाली यावर ठरणार. डॉटनेटचं बिल्ड मुळात समांतर चालतं, त्यामुळे हा क्रम प्रत्येक मशीनवर, कधी कधी प्रत्येक वेळीही, वेगळा पडू शकतो. माझ्याकडे टेस्ट पास आणि बिल्ड सर्व्हरवर फेल, ही तक्रार आली की आधी आउटपुट फोल्डर बघावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही प्रोजेक्टांत 'अ‍ॅपसेटिंग्ज डॉट जेसन' असेल आणि ती आउटपुटला कॉपी करायची म्हणून नोंदवलेली असेल, तर तीच गत. एका सर्व्हिसला दुसऱ्या सर्व्हिसचा डेटाबेस पत्ता मिळतो आणि कोडमध्ये काहीच चूक सापडत नाही.

दुसरी अडचण कुलपाची. दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच फायलीवर लिहायला गेल्या की फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात असल्याचा एरर येतो. एमएसबिल्ड अशा वेळी लगेच हार मानत नाही. मुळातल्या सेटिंगनुसार एकेक सेकंद थांबून दहा वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि मगच बिल्ड पाडतं. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जमून जातं, बिल्ड हिरवं दिसतं आणि लॉगमध्ये फक्त एक इशारा उरतो. असे इशारे साचू देऊ नयेत. दोन प्रोजेक्ट एकाच जागेसाठी भांडत आहेत, हीच बातमी ते देत असतात.

क्लीनचा, म्हणजे जुनं आउटपुट पुसण्याचा, प्रश्न त्याहून अवघड. ऑब्जमधल्या त्या यादीच्या आधारे प्रोजेक्ट आपण लिहिलेल्या फायली पुसतो. फोल्डर सामायिक असेल तर बिलिंग क्लीन केल्यावर अशी डीएलएल जाते जी रिपोर्टलाही हवी होती. मग रिपोर्ट पुन्हा बिल्ड न करता चालवलं की फाइल सापडत नाही.

आणखी एक तोटा उशिरा कळतो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर चालणारा प्रोग्राम आपल्या फोल्डरात डीएलएल शोधतो. बिलिंगने एखादा रेफरन्स द्यायचा राहिला असेल, पण रिपोर्टमुळे ती डीएलएल तिथे आधीच पडलेली असेल, तर बिलिंग मजेत चालतं. चूक उघड होते ती बिलिंग एकटं ग्राहकाकडे पाठवल्यावर.

बदल लिहायचा कुठे

वीस प्रोजेक्ट फायलींत तेच वीस वेळा लिहायची गरज नाही. एमएसबिल्ड १५ पासून, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून, 'डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स' या नावाच्या फायलीची सोय आहे. रेपॉझिटरीच्या मुळाशी ही एक फाइल ठेवली की खालचे सगळे प्रोजेक्ट ती आपोआप वाचतात. प्रत्येक प्रोजेक्ट स्वतःच्या फोल्डरापासून वरवर चढत शोध घेतो आणि पहिली सापडली की थांबतो. त्यामुळे मधल्या 'टेस्ट्स' फोल्डरात कोणी स्वतंत्र प्रॉप्स फाइल ठेवली, तर त्याखालच्या प्रोजेक्टांना मुळाची फाइल दिसतच नाही. मधल्या फायलीतून वरची फाइल मुद्दाम इंपोर्ट करावी लागते. लिनक्सवर फायलीच्या नावातली कॅपिटल अक्षरंही तंतोतंत हवीत. विंडोजवर चालणारी सेटिंग लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर गुपचूप दुर्लक्षित होण्याचं हे एक कारण असतं.

या फायलीत 'बेसआउटपुटपाथ' लिहायचा. त्याची किंमत (व्हॅल्यू) तीन तुकड्यांची: 'एमएसबिल्डधिसफाइलडिरेक्टरी', मग 'आउटपुट/बिन/', मग 'एमएसबिल्डप्रोजेक्टनेम'. पहिला तुकडा ही प्रॉप्स फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता देतो, तिसरा चालू प्रोजेक्टचं नाव. शेवटी तिरकी रेघ विसरू नये. ऑब्जसाठी 'बेसइंटरमीडिएटआउटपुटपाथ' याच धाटणीने, फक्त मधे 'आउटपुट/ऑब्ज/'. एवढ्या दोन ओळींत सगळं आउटपुट एका छताखाली येतं आणि तरी प्रत्येक प्रोजेक्टची खोली वेगळी राहते. एकाच नावाचे दोन प्रोजेक्ट वेगवेगळ्या फोल्डरांत असतील तर तेवढं आधी निस्तरून घ्या, नाहीतर त्यांची खोली एकच होईल.

पहिल्या तुकड्याच्या जागी 'सोल्यूशनडिर' वापरायचा मोह होतो, कारण ते नाव ओळखीचं असतं. तो वापरू नये. ही प्रॉपर्टी सोल्यूशन बिल्ड होत असतानाच भरलेली असते. कोणी टर्मिनलवरून एकच प्रोजेक्ट बिल्ड केला तर तिच्यात अर्थपूर्ण पत्ता नसतो आणि आउटपुट भलत्याच नावाच्या फोल्डरात जातं. प्रॉप्स फायलीचा पत्ता मात्र बिल्ड कुठूनही सुरू करा, तोच राहतो.

वरून खाली वाचलं जातं, आणि खरी मेख तिथेच आहे

एमएसबिल्ड प्रॉपर्ट्या वरून खाली, एका ओळीनंतर दुसरी, अशा क्रमाने वाचतं. एखादी किंमत त्या क्षणापर्यंत ठरली नसेल तर तिथे रिकामी जागा भरली जाते, एररही येत नाही. एसडीके पद्धतीच्या प्रोजेक्टमध्ये क्रम असा असतो: आधी एसडीकेची प्रॉप्स फाइल, तिच्यातूनच अगदी सुरुवातीला आपली प्रॉप्स फाइल, मग प्रोजेक्टच्या फायलीत लिहिलेला मजकूर, आणि शेवटी एसडीकेची टार्गेट्स फाइल.

हा क्रम डोक्यात बसला की बाकीची कोडी आपोआप सुटतात. समजा, प्रॉप्स फायलीत थेट 'आउटपुटपाथ' लिहिला आणि त्यात 'कॉन्फिगरेशन' वापरलं. व्हिज्युअल स्टुडिओतून बिल्ड केलं तर चालतं, कारण तिथून कॉन्फिगरेशन बाहेरून दिलं जातं. टर्मिनलवर नुसतं 'डॉटनेट बिल्ड' म्हणून एखादा प्रोजेक्ट बिल्ड केला तर कॉन्फिगरेशन अजून ठरलेलंच नसतं. 'डिबग' ही मूळ किंमत आपल्या फायलीनंतर भरली जाते. मग पत्त्यात डिबगच्या जागी काहीच येत नाही. 'टार्गेटफ्रेमवर्क'चंही तसंच. ते प्रोजेक्टच्या फायलीत लिहिलेलं असतं आणि ती तर अजून उघडलेलीही नसते. गंमत म्हणजे प्रोजेक्ट एकाहून जास्त फ्रेमवर्कांसाठी बिल्ड होत असेल तर हीच किंमत बाहेरून दिली जाते, म्हणून तिथे ती मिळते. काही प्रोजेक्टांत चालतं आणि काहींत नाही, असा अनुभव येतो तो यामुळे.

उपाय साधा आहे. प्रॉप्स फायलीत फक्त 'बेस'वाल्या प्रॉपर्ट्या ठरवा. कॉन्फिगरेशन आणि फ्रेमवर्क जोडायचं काम एसडीकेवर सोडा. ते पुढे होतं, तोवर सगळ्या किमती हाती आलेल्या असतात. पूर्ण पत्ता स्वतःच घडवायचाच असेल तर 'डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट टार्गेट्स' ही जोडफाइल आहे, ती शेवटाकडे वाचली जाते. पण तिथवर एसडीकेने बरेच पत्ते गृहीत धरून झालेले असतात, म्हणून नाइलाज असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

ऑब्जच्या बाबतीत क्रम आणखी कडक आहे. न्यूगेटने ऑब्जमध्ये लिहिलेल्या फायली एसडीके अगदी सुरुवातीलाच वाचतं. त्यामुळे 'बेसइंटरमीडिएटआउटपुटपाथ' प्रोजेक्टच्या फायलीत लिहिलात तर उशीर झालेला असतो: काही फायली जुन्या ऑब्जमध्ये शोधल्या जातात, काही नव्यात तयार होतात. एमएसबिल्ड यावर 'एमएसबी३५३९' क्रमांकाचा इशारा देतं, की ही प्रॉपर्टी वापरून झाल्यावर बदलली गेली आहे. तो दिसला तर ती ओळ उचलून प्रॉप्स फायलीत न्यावी. आणि दोन प्रोजेक्टांना एकच ऑब्ज कधीही देऊ नये. अ‍ॅसेट्सची फाइल दोघांची एकाच नावाची असते. एकाचं रिस्टोअर दुसऱ्याचा हिशोब पुसून टाकतं.

ऑब्ज हलवल्यावर लगेच येणारा एक एरर बऱ्याच जणांना चक्रावून टाकतो: असेंब्लीची तीच माहिती दोनदा दिली आहे, अशी कंपायलरची तक्रार. एसडीके प्रोजेक्टच्या फोल्डरातल्या सगळ्या सीशार्प फायली आपोआप कंपाइलला घेतं आणि बिन आणि ऑब्ज मात्र वगळतं. तुम्ही ऑब्जचा पत्ता बदललात की वगळण्याची यादीही नव्या पत्त्याकडे वळते. जुन्या ऑब्जमध्ये राहिलेली असेंब्लीइन्फो आता सामान्य सोर्स फाइल ठरते. पत्ते बदलण्यापूर्वी प्रत्येक प्रोजेक्टमधली जुनी बिन आणि ऑब्ज पुसून टाका. टीममधल्या सगळ्यांना तसं आधी सांगा, कारण ही फोल्डरं गिटमध्ये नसतात आणि प्रत्येकाच्या मशीनवर आपापली असतात.

डॉटनेट ८ पासूनची तयार सोय

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डॉटनेट ८ ने हीच मांडणी एसडीकेत आणली. प्रॉप्स फायलीत 'यूझआर्टिफॅक्ट्सआउटपुट' खरं करायचं, बस. मग त्या फायलीशेजारी 'आर्टिफॅक्ट्स' नावाचं एक फोल्डर तयार होतं. आत 'बिन', 'ऑब्ज', 'पब्लिश' आणि 'पॅकेज' असे विभाग पडतात, बिन-ऑब्ज-पब्लिशमध्ये प्रत्येक प्रोजेक्टचं फोल्डर, आणि त्यात 'डिबग' किंवा 'रिलीज'. प्रोजेक्ट अनेक फ्रेमवर्कांसाठी असेल तर फोल्डरांची उतरंड वाढवण्याऐवजी नाव जोडून लिहिलं जातं, जसं 'डिबग_नेट८.०'. विंडोजवर पत्त्याच्या २६० अक्षरांच्या मर्यादेला कधी धडकला असाल, तर या आटोपशीरपणाचं मोल कळेल. आर्टिफॅक्ट्सऐवजी दुसरी जागा हवी असेल तर 'आर्टिफॅक्ट्सपाथ' बदलता येतो.

ही प्रॉपर्टी प्रोजेक्टच्या फायलीत लिहिली तर एसडीके थेट एरर देतं आणि प्रॉप्स फायलीत किंवा कमांडवर द्यायला सांगतं. कारण तेच: क्रम. नवीन काम डॉटनेट ८ किंवा पुढच्या एसडीकेवर असेल तर हाताने पत्ते जुळवण्यापेक्षा हीच सोय घ्यावी. गिटइग्नोरमध्ये एक ओळ, कॅशेसाठी एक फोल्डर, साफसफाईला एक फोल्डर.

कमांडवरचा ओ पर्याय

'डॉटनेट बिल्ड'ला ओ हा पर्याय देऊन आउटपुटचं फोल्डर सांगता येतं. एका प्रोजेक्टसाठी ते ठीक. सोल्यूशनला दिलात तर तीच किंमत सगळ्या प्रोजेक्टांना जाते, आणि वर सांगितलेली सगळी दुखणी एकदम येतात. कमांडवरून दिलेली प्रॉपर्टी फायलींत लिहिलेल्या किमतीवर मात करते, म्हणून प्रॉप्स फाइल कितीही नीट लिहिली असली तरी तिचं काही चालत नाही. एसडीकेच्या ७.०.२०० आवृत्तीत सोल्यूशनसोबत हा पर्याय दिला की एरर यायला लागला. अनेकांच्या स्क्रिप्टा एकदम बंद पडल्या, म्हणून लगेचच्या आवृत्तीत तो इशाऱ्यावर आणला गेला. तो इशारा दाबून टाकण्यापेक्षा स्क्रिप्ट बदलावी.

पण मला खरोखर एकत्र हवं असेल तर?

हवं असू शकतं. ग्राहकाला द्यायचं पॅकेज, इन्स्टॉलर, डॉकरची इमेज, यांना सगळं एका जागी लागतं. ते काम पब्लिशचं आहे. चालवायचा प्रोजेक्ट पब्लिश केला की त्याचे सगळे रेफरन्स त्याच्या स्वतःच्या हिशोबानुसार, योग्य आवृत्तीसह, एका फोल्डरात गोळा होतात. बिल्ड प्रोग्रामरसाठी असतं, पब्लिश बाहेर पाठवण्यासाठी.

प्लगइनचं प्रकरण वेगळं. मुख्य प्रोग्राम प्लगइनला रेफरन्स देत नाही, चालताना फोल्डरातून उचलतो. अशा वेळी मुख्य प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये 'प्लगइन्स' फोल्डर करून प्रत्येक प्लगइनला आत स्वतंत्र फोल्डर द्यावं आणि बिल्डनंतर कॉपी करणारं छोटं टार्गेट (बिल्डची एक पायरी) लिहावं. प्लगइनच्या प्रोजेक्टमध्ये 'इनेबलडायनॅमिकलोडिंग' खरं केलं की त्याची न्यूगेट पॅकेजंही आउटपुटमध्ये येतात. लायब्ररी प्रोजेक्टमध्ये ती एरवी येत नाहीत.

बाकीच्या भाषांत काय चालतं, हेही थोडक्यात. व्हिज्युअल स्टुडिओतल्या सीप्लसप्लस प्रोजेक्टांचं आउटपुट मुळातच सोल्यूशनच्या फोल्डराखाली एकत्र जातं, त्यामुळे सीशार्प आणि सीप्लसप्लस मिसळलेल्या सोल्यूशनमध्ये दोन्हींचे पत्ते मुद्दाम जुळवावे लागतात. सीमेकमध्ये सोर्सबाहेरच्या वेगळ्या फोल्डरात बिल्ड करणं हीच रीत आहे. रस्टचं कार्गो वर्कस्पेसमधल्या सगळ्या पॅकेजांसाठी एकच 'टार्गेट' फोल्डर वापरतं आणि तरी गोंधळ होत नाही, कारण मधल्या फायलींच्या नावात ते हॅश जोडतं. एकत्र ठेवणं तिथे जमतं ते नावं वेगळी राखल्यामुळे.

बदल झाल्यावर तपासायचं कसं

डोळ्यांनी फोल्डरं उघडून बघण्याआधी एमएसबिल्डलाच विचारा. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून बिल्डच्या कमांडला 'गेटप्रॉपर्टी' हा पर्याय देऊन 'आउटपुटपाथ' विचारलं की अंतिम किंमत छापून मिळते, बिल्ड न करता. किंमत अनपेक्षित असेल तर बीएल पर्याय देऊन बायनरी लॉग घ्या आणि तो स्ट्रक्चर्ड लॉग व्ह्यूअरमध्ये उघडा. कोणत्या प्रोजेक्टला कोणत्या किमती मिळाल्या आणि कोणती फाइल कुठून कुठे कॉपी झाली, ते तिथे शोधता येतं. एकदा सोल्यूशन बिल्ड करून आणि एकदा एखादा प्रोजेक्ट एकटाच बिल्ड करून पत्ते तेच येतात का, हे जरूर पाहा. दुसरं बिल्ड काहीही न बदलता लगेच पुन्हा चालवा. त्यात काही नव्याने कंपाइल झालं तर दोन प्रोजेक्ट अजून कुठेतरी एकाच फायलीवर लिहीत असण्याची शक्यता आहे.

मग रेपॉझिटरीत 'बिन/डिबग' आणि 'बिन/रिलीज' हे शब्द शोधा. डॉकरफाइल, बिल्ड सर्व्हरच्या पायऱ्या, इन्स्टॉलरची स्क्रिप्ट, एडिटरच्या लाँच सेटिंग्ज, टेस्टमध्ये लिहिलेले 'दोन फोल्डर वर जा' असे पत्ते, हे सगळे जुन्या मांडणीवर विसंबलेले असतात. डॉकरइग्नोरमध्ये नवं फोल्डरही घाला. नाहीतर तुमच्या मशीनवरचं ऑब्ज कंटेनरमध्ये कॉपी होईल आणि आतलं बिल्ड विंडोजचे पत्ते लिनक्सवर शोधत बसेल.